लग्नाचा हॉल ही प्रयोगशाळा नव्हे

‘होईल सगळे ठीक’ असे म्हणणारा माणूस आपल्याला आवडतो. भारतातून इथे आल्यावर या वाक्याचे हिब्रू रूपही आपल्या तोंडी लवकर बसले: ‘यिहिये बेसेदेर’. मुलगा सैन्यात असलेल्या आईची समजूत घालताना, नोकरी गेलेल्या शेजाऱ्याला धीर देताना हे वाक्य शोभते. इंजिनियरच्या तोंडी मात्र ते शोभत नाही. ज्याच्या सहीवर शेकडो माणसे नाचणार, झोपणार, प्रवास करणार, त्याने ‘ठीक होईल’ म्हणून चालत नाही. ‘ठीक आहे, आणि ते मी असे तपासले’ हे त्याला सांगता आले पाहिजे. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात २००१ साली जेरुसलेममध्ये तेवीस माणसे मेली.

२४ मे २००१ ची रात्र वाचकांना आठवत असेल. तालपियोत भागातील ‘व्हर्साय’ हॉलमध्ये लग्न होते. तिसऱ्या मजल्यावर पाहुणे नाचत असताना पायाखालचा स्लॅब तुटला व माणसांसकट खालच्या मजल्यांवरून थेट तळाशी गेला. २३ जण ठार, साडेतीनशेहून अधिक जखमी. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याने तो क्षण टिपला आणि साऱ्या देशाने तो टेलिव्हिजनवर पाहिला. पहिल्यांदा पुष्कळांना बाँबस्फोट वाटला. तो स्फोट नव्हता. शत्रूने काही केले नव्हते. जे केले ते आपणच केले होते.

तो स्लॅब ‘पाल-काल’ नावाच्या पद्धतीने बांधलेला होता. एली रॉन या इंजिनियरने ही पद्धत काढली होती. पातळ पत्र्याचे पोकळ डबे स्लॅबमध्ये ठेवायचे व त्यांच्या भोवती, वर आणि खाली काँक्रीट घालायचे, असा तिचा ढोबळ प्रकार. काँक्रीट कमी, वजन कमी, वेळ कमी, म्हणून खर्चही कमी. कल्पना म्हणून यात काही वाईट नाही. इमारतशास्त्रात काटकसर हाही गुणच आहे. परंतु पत्रा आणि काँक्रीट ही दोन वेगळ्या स्वभावाची द्रव्ये. ती एकमेकांना किती धरतात, भार आधाराजवळ एकवटला की काय होते, वर्षानुवर्षांनी काय होते, हे प्रश्न कल्पना काढणाऱ्याच्या बुद्धीने सुटत नाहीत. ते मोडून पाहिल्याने सुटतात. या पद्धतीविषयी शंका घेणारे तज्ज्ञ त्या रात्रीच्या आधीही होते. शंका कागदावर राहिली आणि इमारती देशभर उभ्या राहिल्या.

मोडून पाहणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण इंजिनियरी संशोधनाचा कणा तोच आहे. नवी पद्धत निघाली की तिचे नमुने करायचे व त्यांवर भार वाढवत न्यायचा, तो ते तुटेपर्यंत. कुठे तडा गेला, किती भाराला गेला, तुटण्यापूर्वी स्लॅबला झोळ आला की तो एकदम गेला, हे लिहून ठेवायचे. हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करायचे. आणि ज्याला या पद्धतीच्या विक्रीतून पैसा मिळणार नाही अशा दुसऱ्या माणसाच्या हातूनही करून घ्यायचे. जे नमुने फसले तेही छापायचे. त्यानंतरच म्हणायचे की एवढ्या अंतराला, एवढ्या भाराला ही पद्धत चालेल, त्यापलीकडे नाही. जी पद्धत आपली मर्यादा सांगत नाही, ती अजून पद्धत झालेली नाही. ती नुसती युक्ती आहे.

व्हर्साय हॉलच्या बाबतीत दुसरी गोष्ट याहूनही लाजिरवाणी आहे. मूळ आराखड्यात इमारतीची एक बाजू दुसरीपेक्षा एका मजल्याने कमी होती. पुढे विचार बदलला व कमी उंचीच्या बाजूवर मजला चढवला. खालच्या मजल्यावरील पडद्या नकळत टेकूचे काम करीत होत्या. घटनेच्या काही आठवडे आधी त्या काढून टाकल्या. वरचा स्लॅब खाली आला, जमिनीत खळगा दिसू लागला. स्लॅब स्वतःच बोलत होता! आणि उपाय काय केला? खळग्यात भरणी करून जमीन सारखी केली. म्हणजे जो भार पेलवत नव्हता, त्यावर आणखी भार घातला. ज्याला आपण वरवरचा दोष समजलो, ती खरे म्हणजे सगळ्यांत मोलाची नोंद होती. प्रयोगशाळेत स्लॅबला झोळ आला असता तर साधा शिकाऊसुद्धा वही घेऊन धावला असता. हॉलमध्ये मिस्त्री घमेले घेऊन धावला.

यावर काही लोक म्हणतात, ‘मग दोष मालकाचा. पडद्या त्याने काढल्या, पद्धतीला कशाला नावे ठेवता?’ मालक सुटले नाहीत. कोर्टाने त्यांना तुरुंगात पाठवले, आणि पद्धत काढणाऱ्या इंजिनियरलाही. न्यायमूर्ती वर्दी झायलर यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चौकशी आयोगाने २००३ साली अहवाल दिला व सार्वजनिक इमारतींच्या सुरक्षिततेच्या साऱ्या व्यवस्थेवरच बोट ठेवले. आमचे म्हणणे असे: पडदी काढणारा माणूस या जगात नेहमीच असणार. भाडेकरू भिंत पाडतो, दुकानदार खांब कोरतो, नवा मालक गच्चीवर टाकी चढवतो. इंजिनियरीत सुरक्षिततेची जादा ताकद ठेवतात ती याचसाठी. माणसे चुकणार हे गृहीत धरूनच मोजमाप करायचे असते. जी इमारत सगळे शहाणे वागले तरच उभी राहते, ती माणसांसाठी बांधलेली नाही.

आता मूळ मुद्दा. औषध नवे निघाले तर ते रोग्याला देण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी लागते. हा नियम जगाला कुठे शिकावा लागला, ते आपणा ज्यू लोकांना सांगायला नको. छावण्यांत माणसांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवर न्युरेंबर्ग येथे खटला चालला आणि १९४७ साली त्या निकालात पहिली अट लिहिली गेली, ती स्वेच्छेने दिलेल्या संमतीची. त्या राक्षसांशी कोणा इंजिनियरची तुलना आम्ही करीत नाही, तशी तुलना करणे पाप आहे. पण नियम घेण्यासारखा आहे. न तपासलेल्या स्लॅबवर नाचणारा पाहुणाही एका प्रयोगात सामील असतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. त्याने आहेराचे पाकीट आणलेले असते, संमतिपत्र नव्हे.

कोणी म्हणेल, हे ठेकेदारांचे धंदे. मोठ्या शास्त्रज्ञांच्या देशात असे होत नसेल. तर कोलंबिया यानाकडे पाहा. आपला इलान रामोन त्यात होता. १६ जानेवारी २००३ रोजी यान उडाले, तेव्हा बाहेरच्या टाकीवरील उष्णतारोधक फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आपटला. फोम यापूर्वीही सुटत असे आणि याने सुखरूप परतत, म्हणून हा दोष हळूहळू नेहमीचा मानला गेला. काही इंजिनियरांनी विनंती केली की यान आकाशात असतानाच पंखाची छायाचित्रे मिळवा. ती मिळवली गेली नाहीत. नुकसानीचा अंदाज करण्यासाठी जे गणिती साधन वापरले, ते लहान तुकड्यांच्या चाचण्यांवरून बसवलेले होते. हा तुकडा त्यांहून शेकडो पट मोठा होता. मर्यादेपलीकडे साधन ताणले आणि उत्तरावर विसंबले. १ फेब्रुवारीला, शब्बाथच्या दिवशी, सातही जण गेले. पुढे जुलै महिन्यात टेक्सासमध्ये तशाच पंखाच्या तुकड्यावर तेवढाच फोम तोफेसारख्या यंत्रातून मारून पाहिला. सुमारे चाळीस सेंटिमीटरचे भोक पडले. प्रयोग झाला, पण माणसे गेल्यावर.

व्हर्साय आणि कोलंबिया यांत पैशाचे, विद्येचे, यंत्रसामग्रीचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे. चूक एकच आहे: आजवर काही झाले नाही, म्हणजे काही होणार नाही. हे संशोधनाचे वाक्य नव्हे, जुगाऱ्याचे आहे. आणि दोन्हीकडे पुरावा उलट्या माणसाकडे मागितला गेला. शंका घेणाऱ्याला सांगतात, ‘धोका आहे हे सिद्ध कर.’ विचारायचे ते दुसऱ्याला: ‘धोका नाही हे तू सिद्ध कर.’

‘असे प्रत्येक गोष्टीला अडवत बसलात तर नवे काही निघणारच नाही,’ असाही एक आक्षेप येतो. आमचा नव्याला विरोध नाही. रेगीस्तानात शेती करणाऱ्या देशात नव्याला विरोध करील तो वेडा. मात्र नव्याची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न आहे. चाचणीचा खर्च कंपनीने केला तर तो पैशांत होतो. तिने वाचवला तर तो पाहुण्यांकडून वसूल होतो, आणि तो पैशांत होत नाही.

हे सगळे आपल्या मासिकात कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी शेवटचे सांगतो. आपली पहिली पिढी इथे आली आणि लोद, रामले, अश्दोद, दिमोना येथील कारखान्यांत हाताने राबली. आज त्यांची नातवंडे इंजिनियर होत आहेत, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याच घरांत जेवताना एक उपदेश ऐकू येतो: ‘बाळा, वरच्यांच्या भानगडीत पडू नकोस. सांगतील तिथे सही कर. नोकरी मिळाली आहे ती सांभाळ.’ हा उपदेश मायेतून येतो, हे आम्ही जाणतो. परक्या देशात नव्याने उभे राहिलेल्या माणसाला नोकरीचे भय असते. पण या उपदेशाने आपण त्या मुलाच्या हातून काय करून घेत आहोत? कधीतरी एखाद्या चाचणीचा वाईट आकडा त्याला वहीतून गाळायला सांगतील. त्या दिवशी त्याच्या कानात आईबापांचा कोणता शब्द असावा?

आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. तेल्याचे माप खोटे निघाले तर गिऱ्हाइकाला ते घरी गेल्यावर कळते. इंजिनियरचे माप खोटे निघाले तर गिऱ्हाइक घरीच जात नाही. तोरामध्येही हा धडा आहे. दवारीमच्या बावीसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. पडणारा बेफिकीर होता काय, हे तिथे विचारलेले नाही. कठडा आधी घालायचा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. घरातील तरुण इंजिनियराने एखाद्या कागदावर सही करायला नकार दिला व त्यापायी त्याची नोकरी गेली, तर नातेवाइकांनी त्याला मूर्ख म्हणू नये. समाजातील मंडळींनी त्याला दुसरी नोकरी शोधून द्यावी. त्याने समाजाची लाज राखली आहे. आणि आपण स्वतः मेंदीसाठी, लग्नासाठी हॉल ठरवताना जेवणाच्या थाळीचा भाव जितक्या चिकाटीने विचारतो, तितक्याच चिकाटीने परवाना आणि इमारतीच्या तपासणीचा दाखलाही मागावा. मालक हसला तर दुसरा हॉल पाहावा.

तडा दिसला की बोलावे. होलोन येथे सप्टेंबर २०२१ मध्ये एका राहत्या इमारतीत धोक्याची चिन्हे दिसली. ती गंभीरपणे घेतली गेली आणि रहिवाशांना बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी इमारत कोसळली. घरे गेली, संसार गाडले गेले, पण एकही माणूस मेला नाही. तिथे कोणी भरणी करून खळगा बुजवला नाही, आणि ‘यिहिये बेसेदेर’ म्हणून कोणी झोपी गेले नाही.