प्लग तर काढला होता!

तीस वर्षं मी आयटीआयत पोरांना वायरमन ट्रेड शिकवला, आणि गेल्या डिसेंबरात मलाच घरच्या फिशटँकमध्ये करंट लागला.

टाकी नातीच्या हट्टाची. दोन फुटांची, लोखंडी स्टँडवर, आत गप्पी आणि दोन एंजल. भंडाऱ्याची थंडी म्हणून काचेच्या नळीचा हीटर. रविवारी पाणी बदलायला घेतलं. फिल्टरच्या मोटरचा प्लग काढला, एक्स्टेन्शन बोर्डावरचं हीटरचं बटण बंद केलं. दिवा तेवढा चालू ठेवला, मासे दिसावेत म्हणून. एक हात पाण्यात, दुसरा स्टँडवर. मोटरला बोट लागायच्या आतच खांद्यापर्यंत सणका गेला. हात झटकला गेला म्हणून हे लिहितो आहे. "का झालं जी?" म्हणत सौ. स्वयंपाकघरातून धावली. नात म्हणाली, "आबा, प्लग तर काढला होता ना?"

काढला होता, पण मोटरचा. टेस्टरचं टोक पाण्यात बुडवलं तर आतला दिवा नारिंगी पेटला. मासे मात्र मजेत, तारेवरच्या कावळ्यासारखे. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे करंटला जमिनीकडे जायला वाट नव्हती. ती मी करून दिली.

हीटरच्या रबरी बुचाशी केसाएवढी चीर निघाली, नळीत पाणी झिरपलेलं. पण बटण तर बंद होतं! खरी मेख इथे आहे. बोर्डाचा प्लग टू-पिन. तो भिंतीत उलटा बसला की फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते, मग बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज थेट आत जात राहतो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचो. तो बोर्ड जोडणाराही मीच.

आपल्या विदर्भात लोक कूलरला भितात. उन्हाळ्यात पाणी भरताना कुणाला तरी करंट लागल्याची बातमी येतेच. पण कूलर असो की शोभेची टाकी, दुखणं एकच. थ्री-पिनमधली वरची जाड पिन कापून टाकायची, किंवा सॉकेटच्या वरच्या भोकात पेचकस घालून टू-पिन दामटायची. प्लगच नसेल तर उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनी खोचायच्या. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग, हे ठाऊक असणारेही हेच करतात.

"आमच्याकडे एमसीबी आहे" असं लोक छातीठोकपणे सांगतात. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणूस नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारे काही मिलीअँपिअर कळतही नाहीत. ते ओळखतो आरसीसीबी. तीस मिलीअँपिअरचा घेतला तर एवढी गळती दिसताच तो सेकंदाच्या काही शतांशांत लाइन तोडतो.

पण तपासणीची आठवण आपल्याला अपघातानंतरच होते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे इथल्या भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. घरांचं ऑडिट कोण करणार? नवीन मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. पुढे घरात कूलर येतो, गिझर येतो, फिशटँक येते, आणि तो रिपोर्ट फाइलीत पिवळा पडतो. माझं म्हणणं एवढंच, की दर दहा वर्षांनी घराचं अर्थिंग तपासणं आणि आरसीसीबी बसवणं सक्तीचं करा. गरिबाला तो सवलतीत द्या, एलईडी बल्ब दिले तसा.

करंट लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. आरसीसीबी मागितला तर म्हणाला, "सर, नागपूरहून मागवावा लागंल. इथं कोणी मागतच नाही." काउंटरवर टू-पिनच्या एक्स्टेन्शन बोर्डांची चळत होती. आमचं बोलणं चालू असतानाच एक जण त्यातला एक घेऊन गेला.