वाचका, तू बंदुकीच्या कुठल्या टोकाला?

आधी कबुली देतो. मी हेरकथा वाचतो. चोरून नाही, उघड वाचतो. गेली चाळीस वर्षं वाचतोय. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग लागायचे. कव्हर फाटलेलं, पहिली चार पानं गायब, घासाघीस करून दोन रुपये. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी फ्रेडरिक फोर्सिथ वाचला. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटच्या मॅडमनं नाही शिकवलं, ‘द डे ऑफ द जॅकल’नं शिकवलं.

म्हणून सांगतो, साहित्याचे जे सोवळेकरी या पुस्तकांना ‘हीन अभिरुची’ म्हणून नाक मुरडतात, त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. आमच्या भाषेलाही त्यांनी हेच नाक मुरडलं होतं. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार खोलीतल्या पिवळ्या बल्बाखाली बाबूराव अर्नाळकर वाचायचा, त्याला हसणारे हेच. भाड्याच्या पुस्तकानं माणूस बिघडतो, आणि यांच्या दिवाळी अंकानं सुधारतो काय? गेले उडत.

पण दोस्तांनो, आपल्या माणसाला उगाच शिव्या घालायच्या नाहीत, तसं आपल्या माणसाला फसवणाऱ्यालाही सोडायचं नाही. आज मला या ‘वास्तववादी’ हेरकथांचा आणि कमांडो कादंबऱ्यांचा हिशेब करायचाय.

आधी त्यांची ताकद कबूल करू. जॅकल १९७१ साली आला. भाड्याचा मारेकरी फ्रान्सच्या अध्यक्षाला, द गॉलला, मारायला निघतो. द गॉल १९७० साली आपल्या घरात मेला हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. म्हणजे शेवट आधीच फुटलेला. तरी वाचताना घशाला कोरड पडते. का? कारण फोर्सिथ ‘काय होणार’ सांगतच नाही, ‘कसं करायचं’ ते सांगतो. लहानपणी मेलेल्या पोराचं नाव थडग्यावर शोधायचं, त्याचा जन्मदाखला काढायचा, त्यावर पासपोर्ट मिळवायचा. रायफलचे तुकडे कुबडीच्या नळ्यांत लपवायचे. खरबूज टांगून नेम तपासायचा. सगळं पायरी पायरीनं, गवंड्यानं वीट वीट लावावी तसं.

हे आपल्याला का भिडतं? आपण जन्मभर काउंटरच्या अलीकडे उभे. जातीच्या दाखल्याला सहा खेपा. साहेब फाईल उघडतो, आत बघतो, मिटतो, म्हणतो उद्या या. आत काय लिहिलंय ते आपल्याला कधी दिसत नाही. हे पुस्तक आपल्याला हाताला धरून काउंटरच्या पलीकडे नेतं. शिक्का कसा बसतो, सही कुणाची चालते, कुलूप कुठं कच्चं आहे, सगळं दाखवतं. आणि त्या जगात माणसाला हुन्नर आहे की नाही एवढंच विचारतात, आडनाव विचारत नाहीत. वाचताना आपण दोन रात्री लाचार नसतो. ही भूक खरी आहे. तिची टिंगल करू नका.

पण त्याच भुकेवर हे लोक धंदा करतात. ‘कसं’ एवढं भरभरून सांगतात, की ‘कशासाठी’ आणि ‘कुणावर’ हे विचारायला वाचकाला दम घेऊ देत नाहीत.

जॅकलला सुपारी कोण देतं? ओएएस. अल्जीरिया हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणून बाँब फोडणाऱ्या गोऱ्या फ्रेंचांची टोळी. अल्जीरिया १९६२ साली लढून स्वतंत्र झाला. एवढ्या जाड पुस्तकात अल्जीरियन माणूस किती दिसतो? जवळजवळ नाहीच. त्याच्या मातीवरून भांडण, आणि तोच कथेतून हद्दपार. गावकुसाबाहेर ठेवायची पद्धत फक्त आपल्याच देशात आहे असं समजू नका.

आणि कादंबरीतले हीरो कोण? फ्रेंच पोलीस. तो लेबेल नावाचा साधा, बायकोच्या धाकातला, ढोर मेहनत करणारा अधिकारी मला फार आवडायचा. अजून आवडतो. पण कथेचं साल १९६३. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७ ऑक्टोबर १९६१ ला, निःशस्त्र मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियनांना पॅरिसच्या पोलिसांनी ठोकून काढलं, गोळ्या घातल्या, सीन नदीत फेकलं. पोलीसप्रमुख होता मोरिस पापाँ. सरकारनं वर्षानुवर्षं चार-दोन मेले असं सांगितलं. इतिहासकार आकडा शंभराच्या वर नेतात. फोर्सिथनं १९६२ मध्ये पॅरिसला रॉयटर्सचा बातमीदार म्हणून काम केलं होतं. रायफलचा स्क्रू न् स्क्रू मोजणाऱ्या या वास्तववादाला तेवढी नदी दिसली नाही.

पुढं २०१५ साली म्हाताऱ्या फोर्सिथनं आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं, की बियाफ्राच्या युद्धापासून वीसेक वर्षं तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी कामं करत होता. २०२५ मध्ये तो गेला. मेलेल्याबद्दल वाकडं बोलायचं नाही म्हणतात. मी वाकडं बोलत नाही, त्यानं सांगितलेलंच सांगतोय. आपल्याला काउंटरच्या पलीकडे नेणारा हा गडी बराच काळ काउंटरच्या पलीकडचाच होता.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, रक्त उसळतं. लंडनच्या पोलिसांत १९६८ साली एक छुपं पथक निघालं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या पोरांवर नजर ठेवायला. ते २००८ पर्यंत चाललं. त्यातले पोलीस दाढी-केस वाढवून डाव्यांच्या, वंशवादविरोधी पोरांच्या संघटनांत कार्यकर्ते म्हणून घुसायचे. वर्षानुवर्षं राहायचे. चळवळीतल्या बायकांशी प्रेमाची नाटकं करायचे, संसार थाटायचे आणि एक दिवस नाहीसे व्हायचे. २०१५ साली पोलिसांना त्या बायकांची जाहीर माफी मागावी लागली. आणि खोटी नावं कुठून आणायचे? मेलेल्या पोरांची. थडग्यातल्या लेकरांची. चाळीसच्या वर अशी नावं पोलिसांच्याच तपासात निघाली. आईबापाला पत्ता नाही. या कामाला पथकात नाव काय होतं ठाऊक आहे? ‘जॅकल रन’. फोर्सिथच्या पुस्तकावरून.

स्टीफन लॉरेन्स हा काळा पोरगा १९९३ साली लंडनच्या बसस्टॉपवर गोऱ्या टोळक्यानं भोसकून मारला. त्याचे आईबाप न्याय मागत फिरत होते, तेव्हा त्यांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांत याच पथकाचा माणूस पेरलेला होता. पीटर फ्रान्सिस नावाच्या त्या माणसानं पुढं २०१३ मध्ये स्वतःच तोंड उघडलं: त्या कुटुंबाची बदनामी करता येईल असं काही शोध, असं वरून सांगितलं होतं.

जॅकलची युक्ती वाचून माझ्यासारख्या फुटपाथवरच्या वाचकाला टाळी द्यावीशी वाटली. आणि ती वापरली गेली माझ्यासारख्यांवरच.

माझ्यासारख्यांवर म्हणतो ते उगाच नाही. नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीत अभ्यासवर्ग चालायचा. समाजमंदिरात सतरंजी, एक फळा, वीस-पंचवीस पोरं. एक माणूस नियमानं यायचा. कुठल्याशा कारखान्यात आहे म्हणायचा. सतरंज्या झाडायचा, चहाचे पैसे द्यायचा, गाण्यात कोरस धरायचा. माझ्या पिशवीत एक हेरकथा होती. ‘भारी दिसतंय, देता का वाचायला?’ म्हणाला. दिली. मोर्च्याच्या आदल्या रात्री चार पोरं घरातून उचलली. ज्यांची नावं फक्त वर्गाच्या वहीत होती तीच. दुसऱ्या दिवशी चौकीत तो माणूस खुर्चीवर बसलेला आम्ही पाहिला. चहा पीत होता. पुस्तक काही परत मिळालं नाही.

त्या रात्री मला कळलं. आयुष्यभर मी फाईल वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचत होतो, आणि माझं नाव तर फाईलच्या आत होतं.

आता कमांडोंकडे या. पहिलं आखाती युद्ध, जानेवारी १९९१. ब्रिटनच्या एसएएसचे आठ जवान इराकच्या वाळवंटात उतरले. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक चालत सीरियाला पोचला. गस्तीच्या प्रमुखानं अँडी मॅकनॅब या टोपणनावानं १९९३ साली ‘ब्राव्हो टू झिरो’ लिहिलं. लाखांनी खपलं. मग त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कादंबऱ्यांची रांग लागली. जाहिरात एकच: हा तिथं होता, म्हणून हे खरं.

माझा बाप महार रेजिमेंटमधला. मशीनगनवर होता, एकाहत्तर बघितलेलं. युद्धावर कधी बोलायचा नाही. मी त्याला ‘ब्राव्हो टू झिरो’ मराठी करत करत वाचून दाखवलं. पाठीवरच्या ओझ्याचं वजन, थंडी, पाय सोलणं, वायरलेस न लागणं... मान हलवत होता. ‘बराबर लिवलंय,’ म्हणाला. मग त्या पुस्तकात शेळ्या राखणारा एक पोरगा येतो, त्याच्या नजरेला जवान पडतात, आणि पुढं सगळी पळापळ. मी वाचत गेलो. बापानं थांबवलं.

‘आन् त्या पोराचं पुढं काय झालं?’

‘ते नाही दिलं, दादा.’

‘का? त्याचंच तर गाव हुतं ते.’

बाप लहानपणी पाटलाची गुरं राखायचा. रानात अचानक बंदूकवाले दिसल्यावर राखोळ्या पोराच्या पोटात काय होतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तो प्रश्न घेऊन खरंच कुणीतरी गेलं. मायकेल अ‍ॅशर हा अरबी येणारा, स्वतः एसएएसमध्ये राहिलेला लेखक त्या वाळवंटात जाऊन तिथल्या बेदूईन कुटुंबाला भेटला. २००२ साली पुस्तक काढलं. घरच्यांची हकिगत वेगळीच: बुलडोझर चालवणाऱ्या माणसानं परके लोक पाहिले, घरातलीच दोन-तीन माणसं बंदुका घेऊन बघायला गेली. कुठली फौज नि कुठलं घनघोर रण! एसएएसच्याच एका जुन्या सार्जंट मेजरनंही त्या शौर्यकथांवर शंका घेतल्या. वाद मिटलेला नाही. पण दहा वर्षं लाखो लोकांनी ‘खरं’ म्हणून वाचलं, आणि ज्याच्या दारात हे घडलं त्याला विचारायला दहा वर्षांनी एकच माणूस गेला. हा तुमचा वास्तववाद!

आणि खरंच तपशील हवाय का? घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रेरेटन अहवाल जाहीर झाला. त्यांच्या स्पेशल फोर्सेसनी अफगाणिस्तानात ३९ माणसं बेकायदा मारल्याची विश्वासार्ह माहिती त्यात आहे. नव्या जवानाचा हात ‘रक्ताळावा’ म्हणून वरिष्ठ त्याला पकडलेला माणूस मारायला लावायचे. मग प्रेताशेजारी बंदूक किंवा वायरलेस ठेवून फोटो. त्यासाठी बरोबर न्यायच्या वस्तूंना नावसुद्धा होतं. एन्काउंटरच्या बातम्या वाचून मोठं झालेल्या आपल्याला हा फोटो समजावून सांगायला नको. रायफलचं मॉडेल, गोळीचा व्यास, दुर्बिणीचा काच सांगणारी किती पुस्तकं ही खिशातली जादा बंदूक सांगतात?

कुणी म्हणेल, हेरकथेत हे जमतच नाही. खोटं आहे. जॉन ल कॅरेनं १९६३ सालीच दाखवलं. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ लिहिताना तो स्वतः हेर खात्यात नोकरीला होता. त्यात एक नाझी वळणाचा माणूस आपल्या कामाचा, म्हणून त्याला वाचवायला खातं एका ज्यू अधिकाऱ्याचा आणि ग्रंथालयात काम करणाऱ्या भोळ्या कम्युनिस्ट पोरीचा बळी देतं. तिथंही ‘कसं’ आहेच, पण शेवटी भिंतीखाली पडलेली पोरगी आपल्याला विचारते: कुणासाठी? म्हणजे जमतं. लेखकाला ते विचारायचं असावं लागतं.

तेव्हा दोस्तांनो, वाचा. खुशाल वाचा. कुलूप कुठं कच्चं आहे ते आपल्यालाही कळायलाच हवं, आपल्या घराचंसुद्धा. पण हीरोच्या दुर्बिणीतून बघताना हात थरथरू द्या. त्या गोल काचेत पलीकडे जो उभा आहे, त्याचं तोंड नीट बघा. ओळखीचं निघेल. आणि लिहिणाऱ्या पोरांनो, शेळ्या राखणाऱ्या पोराच्या बाजूनं एक तरी कादंबरी लिहा. माझा बाप आता नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे.