डॉक्टरांशी मुलांनाच बोलू द्या

मंडळी, आज जरा घराघरातल्या विषयावर लिहिते. आमच्या द्वारका परिसरातल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी डोकावा. डॉक्टर विचारतात, "काय होतंय गं?" समोर पंधरा वर्षांची मुलगी असते, पण उत्तर देते तिची आई. भूक, झोप, पोट, पाळी... सगळं आईच सांगते. मुलगी मान खाली घालून बसलेली.

माझं मत असं की, आठवी-नववीपासून मुलांनी आपलं दुखणं स्वतः सांगावं. आणि निदान पाच मिनिटं तरी आई-वडिलांनी बाहेर बाकावर बसावं.

काही जण म्हणतील, अशाने मुलं लपवाछपवी शिकतील. मला उलटंच वाटतं. जे आपल्यासमोर बोलायची लाज वाटते, ते मुलं मैत्रिणीला विचारतात, मोबाइलला विचारतात, नाहीतर परस्पर मेडिकलमधून गोळी आणतात. त्यापेक्षा लहानपणापासून ओळखणारे डॉक्टर काय वाईट? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आपण म्हणतो, "अभ्यासाचा नुसता कंटाळा!" खरं तर तिथे हिमोग्लोबिन तपासायला हवं असतं.

सरकारलाही हे पटलेलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी वेगळी क्लिनिक्स निघाली, आपल्याकडे त्यांना 'मैत्री' असं छान नाव आहे. पण आपल्यापैकी किती घरांत हे ठाऊक आहे?

मुलांना एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवावी. डॉक्टर तुमचं बोलणं चारचौघांत सांगत नाहीत. पण जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं, आणि अठराच्या आतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे. ही चुगली नव्हे, संरक्षण आहे.

बाकी तयारी सोपी आहे. एका छोट्या वहीत रक्तगट, न चालणारी औषधं, जुनी आजारपणं आणि लसी मुलांनी स्वतःच्या हाताने लिहाव्यात. (दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, बरं का!) आणि निघताना तीन प्रश्न विचारावेत: मला काय झालंय? औषध कसं आणि किती दिवस घ्यायचं? परत कधी दाखवायचं? मनाचं दुखणं असेल तर त्याच वहीत १४४१६ हा 'टेलि मानस'चा मोफत नंबरही असू द्या.

दोन-चार वर्षांत हीच मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जातील. अनोळखी गावात ताप भरला की दवाखान्याची पायरी एकट्यानेच चढावी लागेल. तिथे "काय होतंय?" या प्रश्नाला उत्तर द्यायला आई शेजारी नसेल. ते उत्तर देण्याची सवय आपल्या गल्लीतल्या दवाखान्यातच लागलेली बरी, नाही का?