हलके शस्त्र, जड काडतूस

विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाला शस्त्र चालविण्याचा सराव किती? इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदुस्थान निःशस्त्र केला. १९५९ च्या स्वदेशी कायद्यातही नागरिकाविषयीचा संशय उरलाच.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात! शस्त्र हलके झाले. काडतुसाचा विचार कोणी करायचा? शस्त्र जितके हलके, तितका त्याच गोळीचा धक्का मनगटाला अधिक. गोळी हलकी असेल तर धक्का उणावतो, नेम लवकर सावरतो. त्याच आकाराची तांब्याची गोळी शिशाच्या गोळीहून सुमारे एक पंचमांश हलकी भरते. शिवाय शिसे हे विषच. बंदिस्त जागेत सराव करताना गोळीची आणि टोपीतील स्फोटकाची शिसेयुक्त धूळ श्वासावाटे शरीरात जाते. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली, ती पाणपक्ष्यांसाठी. आमच्या भगिनींचे आरोग्य त्याहून स्वस्त आहे काय?

पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना उभा आहे. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालयही पुण्यातच. मग हलके, शिसेमुक्त स्वदेशी काडतूस परवानाधारकांच्या हाती का पडू नये? भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे आत्मसंरक्षणाचा हक्क देतात. त्या हक्काचे साधन घडविणारे कुशल हात खडकीत आहेत. आदेश तेवढा दिल्लीहून निघायला हवा.