मांजराची खाज आणि वैद्याची मर्यादा

कुंडलसारख्या गावी वैद्याकडे रुग्णांसोबत घरच्या मांजराचीही तक्रार येते : अंग खाजवते, केस गळतात, कारण उमगत नाही. अशा वेळी निंबतेलात कापूर घालून देणे आम्हांस अनुचित वाटते. मांजर अंग चाटते. लेप पोटात जातो. कापरासारखी द्रव्ये निर्विष करण्याची त्याच्या यकृताची शक्ती तोकडी असते. पालकाप्यांनी हत्तींचे, शालिहोत्रांनी अश्वांचे चिकित्साशास्त्र स्वतंत्र मांडले. प्राण्यागणिक देहधर्म भिन्न, हाच त्यातील बोध होय. पिसवा, खरूज की गजकर्ण, याचा निर्णय पशुवैद्यकाने करावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ यालाही तेच अभिप्रेत आहे. गजकर्ण मात्र मांजराकडून मुलांना जडते. म्हणून मांजर पशुवैद्यकाकडे धाडावे आणि घरातील मुलांची त्वचा आपण स्वतः अवश्य तपासावी.