शैतान टी-शर्टवर नव्हता

माझा भाचा इंदापूरचा. शिकायला बारामतीला, रोज एसटीनं ये-जा. भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी मागं पडतात, तरी ह्याच्या कानातले ईअरफोन निघत नाहीत. गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी त्याला चारचौघांत अडवलं. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि खाली एक टोकदार चिन्ह. "हे शैतानाचं निशाण. हे घालून मशिदीत यायचं नाही." पोरगा मान खाली घालून घरी आला. पुढच्या जुम्म्याला तो गेलाच नाही.

त्या चुकलेल्या जुम्म्याचा हिशेब कुणी द्यायचा?

मी त्याला निशाणाबद्दल विचारलं. म्हणाला, "मामू, पढके तो देखो पहले." मी वाचलं. ड्रीम थिएटर हा अमेरिकन बँड. १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. टी-शर्टवर नाव होतं त्यांच्या १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमचं. आठ गाणी, जवळपास सत्तावन्न मिनिटं. मेटलचा दणका आणि गुंतागुंतीचे ताल एकत्र आणणाऱ्या पुढच्या कितीतरी बँडना या अल्बमनं वाट दाखवली. आणि ते शैतानी चिन्ह? ते स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या मुद्रेवरून घेतलेलं आहे. १५८७ साली तिचा शिरच्छेद झाला. मरेपर्यंत आपल्या धर्माला चिकटून राहिलेल्या बाईची ती मुद्रा!

याच अल्बममध्ये 'अनदर डे' नावाचं गाणं आहे. गिटारवादक जॉन पेट्रुची यांनी ते कॅन्सरशी झुंजणाऱ्या वडिलांसाठी लिहिलं. आजारी बापासाठी मुलानं लिहिलेल्या गाण्यात तुम्हाला शैतान दिसतो?

कुणी म्हणेल, संगीतच हराम. हा वाद जुना आहे, आणि इमाम गझालींनी त्यावर 'इह्या'मध्ये अख्खं प्रकरण लिहून कोणतं ऐकणं योग्य, कोणतं नाही, याचा खल केलाय. आपल्याकडं तर दर्ग्याच्या उरुसात रात्रभर कव्वाली चालते. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांच्या नावाची सभा तिथल्या दर्ग्यात भरते. तिथं मान डोलवायची आणि पोराच्या ईअरफोनवर फतवा काढायचा, हे कसं चालेल?

नमाजला कपडा साधा असावा, हे मलाही मान्य. नक्षीच्या चादरीनं नमाजमधलं लक्ष विचलित झालं म्हणून पैगंबरांनी (स.) ती परत पाठवली, अशी हदीस आहे. पण त्याच माणसाकडून त्यांनी त्याची साधी चादर मागून घेतली. त्याचं मन राखलं. बुजुर्गांनी पोराला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं असतं, तर त्यानं ऐकलं असतं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. निशाण बघून माणूस ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? २०१४ साली पुण्यात, हडपसरला, नमाजहून परतणारा एक आयटीतला तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. दाढी-टोपीवरून त्याला हेरलं, असंच तेव्हा सांगितलं गेलं. आपली टोपी, आपला हिरवा झेंडा, आपली उर्दू अक्षरं न वाचताच लोक अर्थ लावतात, म्हणून आपण रडतो. आणि दुसऱ्याचं अक्षर समोर आलं की आपणही न वाचताच निकाल देतो.

आता भाच्याची बाजूही तपासतो. टी-शर्ट बारामतीच्या बाजारात घेतलेला, तीनशे रुपयांचा, डुप्लिकेट. बँडला त्यातला एक पैसाही गेला नाही. ज्यांनी घाम गाळून ते संगीत केलं त्यांचा हक्क बुडाला, आणि हक्क बुडवणं आपल्या दीनमध्ये लहान गुन्हा नाही. कान पकडायचाच होता, तर यासाठी पकडायचा. पण तो प्रश्न त्या गर्दीत एकालाही सुचला नाही, कारण आपल्यातल्या कितीजणांच्या दुकानात, मोबाईलमध्ये डुप्लिकेटच आहे!

भाच्याला मी सांगितलंय, पैसे साठव आणि पुढचा टी-शर्ट अस्सल घे. आणि जुम्म्याला पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर चल. तो येईल. बुजुर्गांना एकच विनंती आहे, तो दारात दिसला की आधी त्याच्या सलामचा जवाब द्या.