हरवलेला परवा

‘परवा’ म्हणायला इंग्रजांना तीन-चार शब्द जुळवावे लागतात, अशी फुशारकी मी वर्गात बरीच वर्षे मारली. पण त्यांच्याजवळही एकच नेमका शब्द होता! १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलात ‘ओव्हरमॉरो’ आहे. म्हणजे उद्याच्या पलीकडचा दिवस. जर्मनांनी आपला ‘यूबरमॉर्गन’ अजून जपला आहे. इंग्रजांनी मात्र आपला हरवला. इतका कामाचा शब्द कुणी हरवतो का, वाचकहो?

गेल्या महिन्यात गावाहून आईचा फोन आला. कन्येने घेतला आणि घाबऱ्या घाबऱ्या मला विचारले, “बाबा, आजी तेराव्याला येतेय. कोण गेलं?”

आई म्हणाली होती, “तेरवा येते.”

मराठीच्या प्राध्यापकाचे घर हे! आणि खरे सांगायचे तर, लेकीदेखत हा शब्द मीही कधी उच्चारला नव्हता.